काळ्या कपड्याखालची काच

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. पुढे भिंग, मागे फिल्म किंवा सेन्सर, आणि मध्ये काळोख. या पेटीत काय उमटणार आहे ते आधी दाखवतो तो व्ह्यूफाइंडर, आणि काय उमटले ते जागच्या जागी दाखवतो तो डिस्प्ले. या दोहोंकडून छायाचित्रकाराला तीन गोष्टी कळाव्या लागतात. चौकटीत काय येते आणि काय सुटते, फोकस नेमका कशावर आहे, आणि उजेड बेताचा पडला आहे की नाही. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी अगदी जुन्या कॅमेऱ्याने चोख दाखवल्या होत्या. पुढे कॅमेरा लहान झाला, हातात मावू लागला, आणि त्या भरवशाने दिसेनाशा झाल्या. तिसरी गोष्ट तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच दिसू लागली आहे. मुंबईच्या हौशी मंडळींपासून कोकणातल्या माणगावसारख्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओपर्यंत फोटोच्या धंद्याने जे दिवस पाहिले, ते बरेचसे या एका काचेच्या येण्याजाण्याचे आहेत.

दागेरची छायाचित्रणाची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्या आणि पुढच्या पन्नास वर्षांतल्या कॅमेऱ्यांना पाठीमागे घासून दुधी केलेली काच असे. भिंगातून आलेले चित्र तिच्यावर पडे, तेही उलटे. आभाळ खाली, जमीन वर, डावीकडचा माणूस उजवीकडे. बाहेरच्या उजेडात हे फिकट चित्र दिसत नसे, म्हणून छायाचित्रकार डोक्यावरून काळा कपडा घेई. कपड्याखाली डोळे अंधाराला सरावले की हळूहळू चित्र उभे राही. मग भिंग पुढेमागे सरकवत फोकस साधायचा, कडा तपासायच्या, तिवई पक्की करायची. हे झाल्यावर दुधी काच बाजूला करून तिच्या जागी संवेदनशील काच असलेली पेटी सरकवायची. त्या क्षणापासून छायाचित्रकाराला काही दिसत नसे. भिंगावरचे झाकण काढून तो मनातल्या मनात आकडे मोजी आणि झाकण परत लावी. फोटो निघत असताना त्याची नजर कॅमेऱ्यात नसे, समोरच्या माणसावर असे. त्या काळच्या चांगल्या व्यक्तिचित्रांत जे अवधान जाणवते, त्याचे थोडे श्रेय या अडचणीलाही द्यावे लागेल.

मुंबईत ही विद्या फार लवकर रुजली. १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजींनी स्वतः हातात कॅमेरा धरला आणि मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढले. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. १८५५ सालीच मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे अशा ठिकाणच्या जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याच्या कामावर नेमले. देवळे, लेणी, किल्ले यांची चित्रे तोवर चित्रकार हाताने उतरवून घेत. ते काम आता दुधी काचेकडे आले.

हे काम किती जिकिरीचे असे ते समजून घ्यायला कुडे लेणी उत्तम. इंदापूरहून तळ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या पुढे, राजपुरीच्या खाडीच्या अंगाला ही सव्वीस बौद्ध लेणी आहेत. आज ती तळा तालुक्यात मोडतात, पण १८८३ साली कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले तेव्हा हा भाग माणगाव तालुक्यात होता. ओसरीत भरपूर उजेड आणि चार पावले आत गेले की काळोख, हा तिथला नित्याचा प्रकार. दुधी काचेवर ओसरीचे खांब लख्ख दिसत आणि मागची भिंत अजिबात दिसत नसे. जुन्या छायाचित्रकारांचा यावर उपाय होता. आतल्या भिंतीशी पेटता दिवा ठेवायचा, काळ्या कपड्याखालून त्याच्या ज्योतीवर फोकस धरायचा आणि दिवा उचलून घ्यायचा. दुधी काचेवर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा आखलेल्या असत. खांब त्या रेघेशी समांतर दिसेपर्यंत कॅमेऱ्याची पाठ हलवता येई, म्हणून त्या काळच्या वास्तुचित्रांत खांब आणि भिंती ओळंब्यात उभ्या दिसतात. आजच्या कॅमेऱ्याच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर जी चौकटींची जाळी उमटते, ती याच रेघांची नात.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरची १८५१ची ओल्या काचेची पद्धत हिंदुस्थानात रूढ झाली तेव्हा या सगळ्याला घाईचीही जोड मिळाली. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि ओला असतानाच धुवायचा. कोकणातल्या चैत्र-वैशाखात हा लेप सुकायला कितीसा वेळ लागणार! दुधी काचेवर चित्र जुळवण्यात रेंगाळणे परवडत नसे. म्हणून चौकट आधी जुळवायची, तिवई तिथेच रोवून ठेवायची आणि मग तंबूत जाऊन काच तयार करायची, असा क्रम ठरून गेला. तोवर ऊन सरकले तर पुन्हा पहिल्यापासून.

चलच्चित्रे आली तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला, आणि आपल्याकडे त्याला सुरुवातीलाच भिडली ती मराठी माणसे. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ल्युमिए बंधूंचे खेळ पाहिल्यावर विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. स्थिर फोटोत समोरच्याला हलू नका असे सांगता येते. कुस्तीतल्या पैलवानाला ते कोण सांगणार? त्या काळच्या बहुतेक हातचालीच्या कॅमेऱ्यांत सुरुवातीला फिल्मच्या खिडकीतूनच चित्र पाहून फोकस आणि चौकट ठरवीत, मग मागची फट बंद करीत, कारण तिथून उजेड आत गेला तर फिल्म काळवंडे. एकदा दांडा फिरू लागला की आत पाहण्याची सोय नसे. बाजूला बसवलेल्या साध्या चौकटीतून अंदाज घ्यायचा आणि सेकंदाला दोन फेरे या लयीने दांडा फिरवत राहायचा. या काळच्या चित्रपटांत कॅमेरा एका जागी खिळलेला असतो, त्याचे एक साधे कारण हेही आहे.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट या संदर्भात आवर्जून सांगावी अशी. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले होते, गोध्ऱ्यात त्यांनी फोटोचा धंदा करून पाहिला होता. चित्रपटाचा ध्यास लागल्यावर त्यांनी रात्रंदिवस चित्रपट पाहिले, इतके की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनंतर ती परत आली. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण पहिला चित्रपट करण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून दाखवली होती. कॅमेरा रोपासमोर पक्का रोवून ठरावीक वेळाने एकेक चौकट घ्यायची, असे ते काम होते. चौकट एकदाच ठरवायची होती. पुढे सारी भिस्त धीरावर. चालणाऱ्या-बोलणाऱ्या नटांसमोर ‘राजा हरिश्चंद्र’ करताना ही सोय नव्हती. त्या चित्रपटाचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी सांभाळला, आणि दिवसभर काय टिपले गेले हे रात्री घरी फिल्म धुतल्यावरच कळे. त्या धुलाईत, फिल्मला भोके पाडण्यात सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये जे लोकांनी पाहिले, ते आधी त्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत पाहिले गेले होते. तीच त्यांची डिस्प्लेची जागा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साह्याने स्वतः कॅमेरा घडवला तेव्हाही, भिंगामागे घडते ते चालू चित्रीकरणात कसे पाहायचे हा प्रश्न जगात कुठेच नीट सुटलेला नव्हता. १९३७च्या ॲरिफ्लेक्स कॅमेऱ्यात फिरता आरसा आला, आणि दोन चौकटींच्या मधल्या क्षणी भिंगातले चित्र कॅमेरामनच्या डोळ्याकडे वळवता येऊ लागले.

इकडे स्थिर कॅमेरा लहान होत चालला होता. १८८०च्या सुमारास कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या, तंबू आणि घाई गेली. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक विकायला काढला. शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला आणि व्ह्यूफाइंडर अजिबात नाही. पेटीच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रेघा कोरलेल्या होत्या. त्यांच्या मधला प्रदेश फोटोत येईल असे समजून पेटी रोखायची आणि बटण दाबायचे. दुधी काचेवरची दोन्ही ज्ञाने, कडेचे आणि फोकसचे, ग्राहकाने एका झटक्यात सोडून दिली आणि त्या बदल्यात सुटसुटीतपणा घेतला. सौदा वाईट नव्हता. त्यामुळेच कॅमेरा घराघरात गेला. १९००च्या एका डॉलरच्या ब्राउनी कॅमेऱ्यानेही हाच मार्ग धरला. पुढच्या पेटी-कॅमेऱ्यांना कोपऱ्यात एक छोटे भिंग आणि आत तिरका आरसा असलेली, बोटाच्या पेराएवढी खिडकी मिळाली. कॅमेरा पोटाशी धरून वरून तिच्यात डोकावायचे. चित्र सुलटे दिसे, पण डावे-उजवे उलटलेले.

या सगळ्या स्वतंत्र खिडक्यांचा एक अंगभूत दोष असतो, आणि जुन्या अल्बममधल्या डोके कापलेल्या फोटोंचे मूळ बहुधा त्यात सापडते. खिडकी आणि भिंग एका जागी नसतात. समजा खिडकी भिंगाच्या पाच सेंटिमीटर वर आहे. तर खिडकीला जे दिसते त्यापेक्षा भिंगाला पाच सेंटिमीटर खालचे दिसते. समोर डोंगर असेल तर पाच सेंटिमीटर कुणाच्या खिजगणतीत नाहीत. अंगणात ओळीने उभ्या राहिलेल्या दहा माणसांतही ते खपून जातात. पण बाळाचा चेहरा चौकटभर घ्यायचा म्हणून कोणी जवळ गेले, की वीस सेंटिमीटरच्या चौकटीतले पाच सेंटिमीटर, म्हणजे सरळ चौथा हिस्सा, कापला जातो. काजळाची तीट, टोपरे, सगळे फोटोबाहेर. काढणाऱ्याने तर ते खिडकीतून नीट पाहिलेले असते. दोष त्याच्या माथी मारला जाई, तो होता खिडकीच्या जागेचा.

भारतात बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक-३ हा या जातीचा सर्वांत परिचित कॅमेरा. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि डोळ्याला लावून पाहायची सरळ काचेची खिडकी. तिच्यात फोकस दिसत नसे, कारण दाखवायला काही नसेच. मुंबईला गिरणीत किंवा ऑफिसात काम करणाऱ्या चाकरमान्याने असा कॅमेरा घेतला की तो गणपतीत गावी जाई, बारातले सात फोटो मखरापुढे निघत आणि उरलेले पाच शिमग्याची वाट पाहत रोलमध्ये पडून राहत. रोल धुऊन आला तेव्हाच कळे की भिंगापुढे बोट आले होते. ही खिडकी भिंगातून पाहतच नसल्याने बोटही दाखवत नसे. भिंगावर टोपण तसेच राहिले तरी खिडकीत देखावा लख्ख दिसे.

धंद्यातल्या माणसाला असे चालणारे नव्हते. म्हणून स्टुडिओत दुधी काच पुष्कळ वर्षे टिकून राहिली. केरळात आळप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात वागीश्वरी नावाचे लाकडी, पितळी सांध्यांचे कॅमेरे बनवायला सुरुवात केली, आणि ते देशभरच्या स्टुडिओंत गेले. भात्याचा हा कॅमेरा, काळा कपडा, रंगवलेला पडदा आणि लाकडी खुर्ची एवढ्यावर गावातला स्टुडिओ उभा राही. तिवईवरचा कॅमेरा दारात आणून उभा केला की तो फोटोवाला, ही ओळख पुरेशी होती.

त्याची जागा हळूहळू दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतली. जर्मनीत १९२९ साली निघालेला रोलायफ्लेक्स हा त्याचा मूळ नमुना. स्टुडिओत मात्र जास्त दिसला तो जपानी याशिका मॅट. एकावर एक दोन भिंगे. खालचे फोटो घेते, वरचे फक्त पाहते. वरच्या भिंगामागे तिरका आरसा आणि माथ्यावर दुधी काच, भोवती चार बाजूंची पत्र्याची झाकणे उभी राहून सावली धरतात. काळ्या कपड्याचे काम ती करतात. फोकसचे ज्ञान अशा रीतीने परत मिळाले, शिवाय फोटो निघण्याच्या क्षणीही चित्र काचेवर दिसत राहते. दोन भिंगांत चार-पाच सेंटिमीटरचे अंतर असल्याने जवळच्या फोटोत तीच डोके कापण्याची भीती, म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांत काचेखालची चौकट फोकसबरोबर आपोआप सरके.

तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओतले ते दृश्य पुष्कळांच्या आठवणीत असेल. गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसलेले, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, आणि फोटोग्राफर कॅमेरा छातीशी धरून किंवा तिवईवर ठेवून मान खाली घालून उभा. गिऱ्हाइकाला त्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो केसांतला भांग. तो खाली पाहतच बोलतो, “हनुवटी थोडी खाली, मान इकडे.” काचेवर डावे-उजवे उलटलेले असते; मान डावीकडे वळली की चित्रात ती उजवीकडे जाते. नवशिक्याचा हात इथे हमखास चुकतो, सरावलेल्याचा चुकत नाही, त्याचे मनगट उलटे फिरायला शिकलेले असते. मग तो मान वर करतो, गिऱ्हाइकाकडे एकदा थेट पाहतो आणि बटण दाबतो. त्या पिढीचे व्यक्तिचित्र बहुतेक वेळा छातीच्या उंचीवरून घेतलेले आहे. त्यातली माणसे किंचित उंच, किंचित रुबाबदार दिसतात. साध्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, नव्या नवरीला त्या काचेने जो मान दिला, तो डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्याने पुढे तितक्या सहज दिला नाही.

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची गरज वेगळी होती. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे दोन्ही कॅमेरे वापरले. स्पीड ग्राफिकला पाठीमागे दुधी काच असतेच, पण मिरवणुकीत आणि गर्दीत तिचा उपयोग नाही. म्हणून त्यावर तारेची उघडी चौकट असे. तिच्यातून पाहिले की चौकटीबाहेरचेही दिसत राहते. आत काय येणार आहे, कोण मान वळवणार आहे, हे आधी कळते. एका वेळी एकच फिल्म भरता येणाऱ्या कॅमेऱ्याला ही आगाऊ सूचना फार मोलाची. व्ह्यूफाइंडर जितका नेमका, तितका तो बाहेरचे जग झाकतो. तारेची ओबडधोबड चौकट त्या बाबतीत भारी होती. १९५४च्या लायका एम-३ कॅमेऱ्याची ख्यातीही बरीचशी याच कारणाने. एम-३च्या खिडकीत चौकटीच्या चकाकत्या रेघा दिसत आणि रेघांच्या बाहेरचा देखावाही दिसे.

भिंगातूनच पाहायचे आणि तेही डोळ्याला लावून, सुलटे, हे जमवायला आरशाला साथ लागली ती पाच बाजूंच्या लोलकाची. एकाच भिंगाच्या, आरशाच्या कॅमेऱ्याचे पेटंट थॉमस सटनने १८६१ सालीच घेतले होते. ३५ मिलिमीटर फिल्मवर तो १९३६च्या एक्झाक्टाने आणला, १९४९च्या कॉन्टॅक्स एसने त्याला लोलक दिला, आणि १९५९च्या निकॉन एफने तो जगभरच्या छायाचित्रकारांच्या हाती पोहोचवला. आता भिंग बदला, जवळ जा, दूर जा, जे दिसते तेच फिल्मवर. डोके कापले जाण्याचा प्रश्न मिटला. तरी दोन उणिवा राहिल्या. स्वस्त कॅमेऱ्यांच्या खिडकीत पूर्ण चौकट दिसत नाही, कडेचा थोडा भाग लपतो. म्हणून फोटोच्या काठावर नको असलेली फांदी किंवा विजेची तार उगवते. दुसरी उणीव गंभीर. बटण दाबताच आरसा वर उडतो आणि खिडकी काळी होते. ज्या क्षणाचा फोटो निघाला तो क्षण काढणाऱ्याने पाहिलेलाच नसतो. नवऱ्या मुलीच्या गळ्यात हार पडतानाचा फोटो घेणारा माणूस हार पडताना पाहत नाही. हार पडणार हे ओळखून बटण दाबतो.

कोकणात या कॅमेऱ्यांना आणखी एक शत्रू भेटला, तो म्हणजे दमट हवा. ताम्हिणीच्या उतरणीपासून खाडीपर्यंतचा हा पट्टा पावसाळ्याचे चार महिने ओला असतो. भिंगाच्या काचांत, लोलकात, आरशामागच्या दुधी काचेवर बुरशीचे बारीक धागे पसरतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. लोलकातली बुरशी फोटोत उमटत नाही, पण खिडकीत चित्र धुरकट दिसते आणि फोकस चुकतो. म्हणून इथले फोटोग्राफर कॅमेरा चामडी पिशवीत ठेवत नाहीत, कारण चामडे ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा हाच खरा पेटारा.

 १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांना फोटोचे ओळखपत्र द्यायचे ठरवले. आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसे त्या निमित्ताने खेडोपाडी पाहायला मिळाली. तो फोटो कसा आला हे त्यांना ओळखपत्र हातात पडेपर्यंत कळत नसे, आणि अनेकांना स्वतःचा चेहरा ओळखू येत नसे.

दोन वर्षांनी, १९९५ साली, जपानच्या कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-१० हा कॅमेरा बाजारात आणला. पाठीवर १.८ इंचांचा रंगीत पडदा. त्याचे फोटो सुमार होते, पण भिंगात येणारे चित्र आणि घेतलेला फोटो, दोन्ही एकाच पडद्यावर दिसत. शंभर वर्षांपूर्वी काढून टाकलेली दुधी काच कॅमेऱ्याच्या पाठीवर परत आली होती, या वेळी सुलटी आणि स्वतःच्या उजेडाने उजळलेली. आरशाच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांत सुरुवातीला पडदा फक्त काढलेला फोटो दाखवी. चौकट जुळवायला आणि फोटो घेताना तोच पडदा वापरता येणे, ज्याला लाइव्ह व्ह्यू म्हणतात, ते २००६-०७च्या सुमारास रुळले. २००७ साली निकॉनच्या डी-३ आणि डी-३०० या कॅमेऱ्यांना ३ इंचांचा ९ लाख २० हजार बिंदूंचा पडदा मिळाला. एका पिक्सेलला तीन रंगांचे तीन बिंदू लागतात, त्यामुळे हे सुमारे तीन लाख पिक्सेल होतात. तरी फोकस पापणीवर आहे की कानावर, हे मोठे करून पाहायला ते पुरले.

लग्नाच्या फोटोग्राफरच्या धंद्यात या पडद्याने जेवढा बदल केला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. आधी डोळे मिटलेला फोटो निघाला की काय, या धाकाने एकाच विधीचे तीन-तीन फोटो काढावे लागत आणि प्रत्येकाला फिल्म जाळावी लागे. आता मंगलाष्टके संपताच पाहून खात्री होते. त्याच वेळी फोटोवर गिऱ्हाइकाचा हक्कही आला. “दाखवा बघू,” म्हणून मावशी, आत्या पुढे येतात आणि पसंत नसेल तर पुन्हा उभ्या राहतात. फोटो कसा असावा हे पूर्वी एकटा फोटोग्राफर ठरवी. ते ठरवण्यात समोरच्या माणसाला वाटा मिळाला, ही या पडद्याची मोठी कामगिरी मानायला हवी. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार दिले गेले. आधारच्या नोंदणीत नोंदणीला आलेल्याकडे वळवलेला एक दुसरा पडदाही ठेवतात, त्यावर माणूस आपले नाव आणि आपला फोटो स्वतः तपासतो. मतदार ओळखपत्राच्या त्या फोटोपासून हे अंतर सतरा वर्षांचे.

उजेडाचे तिसरे ज्ञानही पडद्यानेच दिले, पण तिथे जपून चालावे लागते. पडदा स्वतः उजळतो, त्यामुळे तो सभोवतालच्या उजेडाप्रमाणे फसवतो. रात्री पालखीचे फोटो घेताना अंधारात पडदा झगझगीत वाटतो, फोटो छान उजळ दिसतो, आणि घरी संगणकावर तोच काळा निघतो. भर दुपारी रायगडाच्या होळीच्या माळावर नेमके उलट होते. पडद्यावर काहीच दिसत नाही, फोटो काळा आला असे वाटून उजेड वाढवला जातो आणि आभाळ पांढरे फटक होते. म्हणून अनुभवी माणूस पडद्यावरच्या चित्रापेक्षा त्याच्या कोपऱ्यातल्या आलेखावर, हिस्टोग्रामवर, विश्वास ठेवतो. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. आलेख उजव्या भिंतीला चिकटला की तिथला तपशील कायमचा गेला. सभोवती ऊन असो वा काळोख, आलेखाचा आकार बदलत नाही.

उन्हाचा त्रास डोळ्याला लावलेल्या खिडकीला नाही, आणि हेच तिच्या टिकून राहण्याचे पहिले कारण. दुसरे कारण स्थैर्याचे. लांब पल्ल्याच्या भिंगाने पक्षी टिपणारा माणूस कॅमेरा कपाळाशी टेकवतो, कोपरे छातीशी घेतो, आणि त्या आधाराने थरथर कमी होते. हात लांब करून पडद्यात पाहिले की तोच कॅमेरा डुलतो. तिसरे कारण चाळिशीनंतर कळते. पडदा वाचायच्या अंतरावर असतो, त्याला चष्मा लागतो. खिडकीच्या कडेला नंबर जुळवायचे छोटे चाक असते, ते फिरवले की चष्म्याशिवाय स्पष्ट दिसते. उलट, जमिनीलगतचे रानफूल, लेण्याच्या छताजवळचा शिलालेख, गर्दीच्या डोक्यांवरून दिसणारी मिरवणूक, अशा ठिकाणी डोळा पोहोचत नाही आणि वळवता येणारा पडदाच कामाला येतो. पूर्वी ओढ्याकाठी फूल टिपायला चिखलात पालथे पडावे लागे.

२००८च्या पॅनासोनिक जी-१ पासून आरसा काढून टाकलेले कॅमेरे आले. त्यांच्या खिडकीत काचेऐवजी छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो, म्हणजे व्ह्यूफाइंडर आणि डिस्प्ले यांतला भेद पुसला गेला. फोटो जितका उजळ येणार तितकाच तो खिडकीत आधी दिसतो. २०१७च्या सोनी ए-९ने सेकंदाला वीस फोटो घेतानाही खिडकी काळी होऊ दिली नाही. आरशाच्या कॅमेऱ्याची जुनी उणीव भरून निघाली, हार गळ्यात पडताना दिसू लागला. किंमत मोजावी लागली बॅटरीची. आरशाच्या कॅमेऱ्यात नुसते पाहायला वीज लागत नाही. इथे पाहणे हाच मोठा खर्च, म्हणून गडावर जाणाऱ्याच्या पाठपिशवीत दोन-तीन जादा बॅटऱ्या असतात.

मोबाइलला तर खिडकीच नाही, सगळा पडदाच आहे, आणि बहुतेकांचे फोटो आता त्याच्यावरच निघतात. उन्हात तो दिसेना झाला की माणसे हाताची सावली धरतात, ओढणी किंवा छत्री आडवी करतात. चित्रीकरणाच्या मोठ्या पडद्याला चारी बाजूंनी काळी झालर बसवलेली असते. तेवढ्याने भागले नाही, तर भर उन्हात दिग्दर्शक आणि कॅमेरामन डोक्यावरून काळा कपडा घेऊन त्याच्याखाली पडद्याशी वाकतात, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडा वेळ थांबतात.